मानद सदस्य

"बसत नाहीये हो साहेब, चपलेचा पट्टा तेवढा लावतेय," ती बाई म्हणाली आणि पायरीवर टेकलेलं अंग तिनं झटक्यात उचललं. एक पाय अधांतरी धरून, दाराच्या चौकटीला बोटं लावून ती पट्टा ओढत राहिली. मुफ्लिह दुकानाच्या दारात आला होता तो ऊन कुठवर आलंय ते बघायला. तो काही बोलला नव्हता. कपाळाला आठीसुद्धा नसावी, निदान त्याला तसं वाटत होतं. बाई डोंगराकडच्या खेड्यातली होती. उन्हानं विटलेला काळा झगा, काखेत गाठोडं, वयानं त्याच्याहून दहाएक वर्षं मोठी. "बसा की, बसा," तो म्हणाला, पण तोवर ती निघालीही होती, पट्टा तसाच सैल, टाच फरफटत. जाताजाता तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेकदा बघून घेतलं.

साहेब. या रस्त्यावर त्याची बत्तीस वर्षं गेली होती, आधी दुसऱ्याच्या दुकानात कात्री धरून आणि मग त्याच दुकानाचा मालक म्हणून, आणि बटणं, चेन, लेस, भरतकामाचा दोरा विकणाऱ्या माणसाला साहेब म्हणावं असं एवढ्या वर्षांत व्यापाऱ्यांच्या चेंबरबाहेर कुणाला वाटलं नव्हतं. तो परत गल्ल्यामागं जाऊन बसला. काचेतून फुटपाथ दिसत होता. सिमेंटच्या सहा मोठ्या कुंड्या, फिकट गुलाबी, त्यांत जेमतेम वीतभर वाढलेली कण्हेर. त्या रंगावर तीन बैठका गेल्या होत्या. एक जण राखाडी म्हणत होता, एक जण पिवळा, आणि शेवटी चेंबरचे अध्यक्ष रजाई बेक म्हणाले होते, "मुफ्लिहसाहेबांना विचारू या, रंगांतलं त्यांना कळतं, आयुष्य दोऱ्यांत गेलंय त्यांचं." सगळे हसले होते, चांगलं हसले होते, आणि त्यानं हा गुलाबी सांगितला होता. त्या दिवशी घरी जाताना तो दोन थांबे आधीच उतरून चालत गेला होता, कारण बसमध्ये बसून एवढा आनंद आवरत नव्हता. दुसऱ्या कुंडीच्या जागी सव्वीस वर्षं त्याची आई खद्रा बसत होती.

पहाटेच्या पहिल्या बसनं ती यायची. पोतं अंथरायची, त्यावर मरव्याच्या जुड्या, रानातला ओवा, थंडीत पालेभाज्या, घरी केलेले दह्याचे सुकवलेले गोळे. तो समोरच्याच दुकानात कापडाच्या फिती मोजत असायचा. पहिल्या दिवशीच तिनं त्याला बजावलं होतं, "मालक असताना माझ्याकडे बघू नकोस. माझं गिऱ्हाईक वेगळं, तुझं वेगळं." त्यानं ते ऐकलं. इतक्या पटकन ऐकलं की आता आठवताना अंगावर काटा येतो. मालक नसतानाही तो बघत नसे. दुकान स्वतःचं झाल्यावर त्यानं तिला आत बसायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "काचेमागून कुणी मरवा घेतो होय?" आणि बाहेरच राहिली. आणखी एक गोष्ट होती, जी तो कधी कुणापाशी बोलला नव्हता. ती दिवसभर पाणी प्यायची नाही. पहाटे घर सोडल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही, कारण या सबंध बाजारात बायकांना जायला जागाच नव्हती. मशिदीतली बायकांची बाजू शुक्रवारखेरीज बंद. ती रुमाल ओला करून ओठांवर धरायची. फुटपाथवरच्या सगळ्याच बायका तसं करायच्या, ओळीनं, भर उन्हात, आणि पुरुषांना वाटायचं घाम पुसतायत. शेवटी तिची मूत्रपिंडं गेली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पाणी कमी प्यायच्या का, तेव्हा मुफ्लिह म्हणाला होता, माहीत नाही.

ती गेल्यावर चार वर्षांनी रजाई बेक दुकानात आले. कोटाचं बटण तुटलं होतं आणि त्यांना कुठल्याशा समारंभाला जायचं होतं. मुफ्लिहनं कोट अंगावर असतानाच बटण लावून दिलं, दोरा दातानं तोडायची सवय आवरून कात्रीनं तोडला. बेकांची विजेच्या सामानाची तीन दुकानं होती, या रस्त्यावरच्या दोन इमारती होत्या. ते खाली बघून म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. चेंबरवर का येत नाहीस? नुसती वर्गणी भरतोस. समित्यांना माणसं लागतात. काम मानद असतं, मिळत काही नाही, पण चार लोकांत ऊठबस होते." चार लोकांत ऊठबस. मुलगा आखातात होता, मुलगी झर्क्याला दिलेली, दुपारभर दुकानात माश्या. तो गेला. आधी रमजानच्या रोषणाईची समिती; शिडीवर चढून त्यानं स्वतः दिवे बांधले. मग हिवाळी सेलची. मग बाजार सुशोभन समिती. मंगळवारी पाच वाजता बैठक असे, आणि दुपारच्या नमाजानंतरच तो दाढीवरून हात फिरवायला लागे. "दुकानात जाताना कधी अत्तर लावलं नाहीत," बायको म्हणायची, "चेंबरमध्ये काय लग्न लागतंय?" तगरीदचं हे बोलणं त्याला झोंबत नसे. मागच्या बैठकीत काय झालं ते टाइप करून वाटायचे, त्यात लिहिलेलं असायचं: श्री. मुफ्लिह यांनी सूचना केली की. तो कागद घरी नेऊन तो परत वाचायचा. शाळेच्या दाखल्यानंतर त्याचं नाव असं कशातच छापून आलं नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी पाच नंबरचा विषय आला. फुटपाथवरच्या बायका. तो चहाचा पेला हातात धरून ऐकत होता. कुणी म्हणालं, पर्यटक येतात ते काय बघतात. कुणी म्हणालं, पालापाचोळ्यानं गटारं तुंबतात. नगरपालिकेची गाडी आणावी, असं एकाचं मत पडलं. बैठक संपल्यावर बेकांनी त्याला खिडकीपाशी नेलं. चारचौघांत ते त्याला तुम्ही म्हणत, एकटं असताना तू.

"गाडी आली की काय होईल तुला माहीताय," ते म्हणाले. "टोपल्या उचलणार, रडारड, कुणीतरी फोनवर काढणार, सगळ्या देशात आपली अब्रू. मला ते नकोय. आपण त्यांना जागा देतोय ना? मेंढ्यांच्या बाजारामागं शेड उभी राहतेय. छप्पर, नळ, संडास. तू जाऊन सांग. तुझं ऐकतील."

"माझं का ऐकतील?"

"अरे, तू त्यांच्यातलाच ना."

आठ महिने तो जे विसरायला तिथं जात होता ते बेकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. बटण लावून घेतानाच ठाऊक असेल. त्याला राग यायला हवा होता. तेवढ्यात बेकांनी खांद्यावर हात ठेवला, "पुढच्या निवडणुकीत पॅनेलवर तुझं नाव टाकायचं म्हणतोय मी," आणि तो हात जड, उबदार, बरा वाटला.

दोन दिवस तो फुटपाथवर उकिडवा बसून बोलला. सात बायका होत्या. सगळ्यांत थोरली उम्म दीब, आईच्या शेजारी सव्वीस वर्षं बसलेली. थोरला मुलगा दीब, म्हणून तिला सगळे दीबची आई म्हणत, खरं नाव तिला तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. तो तिच्यापुढं बसला आणि त्यानं शेडचं सांगितलं, छपराचं, नळाचं. ती ओव्याच्या काड्या वेचत राहिली. मग तो म्हणाला, "मावशी, आई दिवसभर पाणी प्यायची नाही. तुम्हीही पीत नाही, मला माहीताय. तिथं संडास आहे. आई त्यापायी गेली. तुम्ही तरी जाऊ नका." हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, खरेच भरून आले होते, आणि त्याच वेळी आत कुठंतरी शांत बसलेल्या माणसानं नोंद केली होती की हे लागू पडतंय. उम्म दीबनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनं बाकीच्यांना हाक मारली. दुसऱ्या दिवशी फुटपाथ मोकळा होता. गाडी नाही, पोलीस नाही, आवाज नाही. बैठकीत टाळ्या वाजल्या.

त्यानंतर पाच महिन्यांत तो त्या शेडकडे एकदाही गेला नव्हता. तिथं नळ अजून लागला नाही असं कानावर आलं तेव्हा त्यानं बैठकीत विचारलं, आणि नळाचा विषय नोंदवून घेण्यात आला. महिन्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा नोंदवला. नोंदवला की त्याला हलकं वाटायचं. आज मात्र त्या बाईचा अधांतरी पाय डोळ्यांपुढून हलेना. त्यानं दोनदा फितीचं रीळ चुकीचं गुंडाळलं. शेवटी भर दुपारी, आणखी पाच तासांनी बैठक आहे हे लक्षात असताना, त्यानं शटर ओढलं आणि मेंढ्यांच्या बाजाराकडची बस पकडली.

शेडमध्ये वीस ओटे होते, प्रत्येकावर आकडा रंगवलेला, आणि एकावरही माणूस नव्हतं. पत्रा तापून कडकड वाजत होता. उम्म दीब बाहेर, मागच्या भिंतीच्या हातभर सावलीत बसली होती, पुढं मरव्याच्या जुड्या आणि ओल्या फडक्याखाली दह्याचे गोळे.

"ये लेका," ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणून आलास का समिती म्हणून?"

"बघायला आलो, मावशी. बाकीच्या कुठायत?"

"कोण थांबणार इथं? नौफाची आई घरी बसली. त्या दोघी बहिणी अम्मानच्या बसपाशी बसतात, पोलीस उठवतो, पुन्हा बसतात. मी येते आपली. घरी सुनेचं तोंड बघण्यापेक्षा पत्र्याचं बरं."

"गिऱ्हाईक?"

"येतात की. गुरुवारी. मेंढ्या."

तिचे ओठ फुटलेले होते. आसपास बाटली, पेला, काही नव्हतं. शेडच्या टोकाला एक दार होतं आणि त्याला कुलूप. त्यानं तिकडं पाहिलेलं तिनं पाहिलं. "पहिल्या दिवसापासून आहे ते," ती म्हणाली. "किल्ली चेंबरात आहे म्हणतात. चेंबर तुझं."

तो तिच्यासमोर बसला. भिंत पाठीला भाजत होती. सांगायचं ते तोंडातून एकदम सुटलं, "मी फसवलं तुम्हाला."

उम्म दीब हसली. मोजून तीन दात होते तिला, आणि हसू अगदी मोकळं. "फसवलंस? अरे वेड्या, आम्हाला काय कळत नाही होय? चाळीस वर्षं झाली, कुणी ना कुणी नळ आणतोच आहे. तू खाली बसून बोलत होतास, इस्त्रीच्या पँटीला धूळ लागत होती, आणि तुझा तो बेक पलीकडे गाडीची काच खाली करून बघत होता. मी या सगळ्यांना म्हटलं, खद्राच्या पोराला मोठ्यांत खुर्ची मिळालीय. आपण नाही म्हटलं तर त्याचं तिथं हसं होईल. खद्रा असती तर पहिली तीच उठली असती. चला, उठा. आणि उठलो." तिनं एक जुडी त्याच्या हातात कोंबली. "तगरीदला दे. पोटदुखीवर चांगला."

परतीच्या बसमध्ये तो ती जुडी मांडीवर धरून बसला. पाच महिने त्याला जे आपलं पाप वाटत होतं तेही त्याचं नव्हतं. त्याचे भरून आलेले डोळे, ती अचूक जागी ठेवलेली आई, सगळं त्या बायकांनी समोर बसून बघितलं होतं, ओळखलं होतं, आणि पोरानं काढलेलं वेडंवाकडं चित्र छान आहे म्हणावं तसं छान म्हटलं होतं. फसवणारा म्हणूनसुद्धा तो कुणी नव्हता. खिडकीतून झळा येत होत्या. जन्मभर त्यानं आईकडे न बघून मोठ्यांत जे स्थान मिळवू पाहिलं होतं ते तिच्या मैत्रिणींनी त्याला ओंजळीत घालून दिलं होतं, आणि त्याला वाटत होतं ते बटण लावून मिळालं.

पाच वाजता तो चेंबरमध्ये होता. विषयपत्रिकेवर उन्हाळी मेळाव्याचे झेंडे होते. तो मधेच उठला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "शेडच्या संडासाची किल्ली पाहिजे," तो म्हणाला.

बेक हसले. "एवढंच ना? लिहून घ्या. तीन जणांची उपसमिती नेमू या, अध्यक्ष मुफ्लिहसाहेब. पाहणी करून अहवाल द्यावा."

"उपसमिती नको. किल्ली द्या. आत्ता."

कारकुनानं खण उघडले, बंद केले. किल्ली कंत्राटदाराकडे असावी असं निघालं. बेक उठून त्याच्याजवळ आले, दंडाला धरून त्यांनी त्याला दाराकडे नेलं. "तुला बरं नाहीये का?" ते हळूच म्हणाले. "दोन महिन्यांवर निवडणूक आलीय. सात म्हाताऱ्यांसाठी घालवतोस?" मुफ्लिहनं त्यांचा हात दंडावरून काढला. कोटावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, कारकुनाकडून कागद मागितला आणि उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या. दार लावून घेताना त्याला आतून झेंड्यांच्या लांबीबद्दल बोलणं सुरू झालेलं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हातोडी नेऊन कुलूप फोडलं. उम्म दीब आलेली नव्हती. आत संडास नव्हता. चार भिंती होत्या, जमिनीत नळीसाठी सोडलेलं एक भोक, आणि कोपऱ्यात गुलाबी रंगाचे अर्धे उरलेले डबे. तो बराच वेळ तिथं उभा राहिला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला वाईट वाटण्याऐवजी बळ आल्यासारखं झालं. आपण सोडलं ते बरोबर सोडलं. खुर्चीसाठी त्या उठल्या होत्या. ती खुर्चीच त्यानं लाथाडली होती. आता कुणाचं कुणाकडे काही राहिलं नव्हतं. दोन दिवस तो याच धुंदीत होता. तगरीदला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मंगळवारी आता संध्याकाळी घरी असणार तुम्ही?" तेही त्याला गोड वाटलं. आपण आईच्या बाजूला आलो असं त्याच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत आलं, आणि हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

शुक्रवारी तो वर डोंगरात गेला, उम्म दीबच्या घरी. दोन खोल्या, अंगणात अंजीर, भिंतीला लावून ठेवलेल्या रिकाम्या टोपल्या. तिनं त्याला गादीवर बसवलं, उशी पाठीशी दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला. ती खुशीत होती. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "हा बघ, खद्राचा मुफ्लिह. चेंबरमध्ये असतो." शेजारीण उंबऱ्यातून डोकावून आदरानं बघून गेली. तो थांबला, चहा येऊ दिला, एक घोट घेतला. मग तो म्हणाला, "मावशी, सोडलं मी ते."

"काय सोडलंस?"

"चेंबर. समिती. राजीनामा दिला मंगळवारी. सगळ्यांच्या तोंडावर." आणि तो सांगत गेला, किल्ली, उपसमिती, बेकांचा हात दंडावरून कसा काढला, बिल्ला, हातोडी, दाराआडचे डबे. सांगताना तो थोडा हसतही होता. मधे कधीतरी त्याच्या लक्षात आलं की उम्म दीब ऐकत नाहीये. तिनं चहाची किटली खाली ठेवली होती आणि तिचा हात अजून किटलीच्या कानावरच होता.

"कुणाला विचारून?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कुणाला विचारून सोडलीस?" तिचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता, फुटपाथवर भाव करतानासुद्धा नाही. "तुझी होती ती खुर्ची? सात जणी उठलो आम्ही. नौफाची आई घरी जाऊन रडली, तुझ्यासमोर नाही रडली, घरी जाऊन रडली. मी तिला काय सांगितलं? म्हटलं, रडू नकोस, आपला एक माणूस आत बसलाय. आज नाही तर उद्या, आपल्यातलं कुणीतरी त्या टेबलाशी बसलेलं असेल. बसून राहायचं होतंस. कुलूप असेना का. आम्ही नाही का बसलो, तहान मारून, सव्वीस वर्षं? तुला पाच महिन्यांपुढं बसवलं नाही? तुला बरं वाटावं म्हणून तू उठलास. मग आम्ही कशासाठी उठलो होतो?"

पेल्यातल्या चहावर मरव्याचं एक पान तरंगत होतं, तो त्याकडे बघत राहिला. अंगणात कोंबडी ओरडत होती. उम्म दीबनं प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिनं किटली उचलली, झाकण नीट बसवलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"अगं ए, पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडून ये," ती म्हणाली. "त्यांची बस चुकेल."

बसला अजून दोन तास होते. तो उठला, चपला शोधून पायांत घातल्या आणि सुनेच्या मागून उतरणीला लागला.